सर्दी गेली, कानातला दडा जात नाही: पडद्यामागचं पाणी आणि दाब यांचं घरी काय करायचं

सर्दी होऊन आठवडा उलटला. नाक मोकळं झालं, ताप नाही, खोकलाही सरला. पण एक कान गच्चच. आपलाच आवाज डोक्यात घुमतो, समोरच्याचं बोलणं लांबून येतं, आवंढा गिळला की आत टक् वाजतं आणि मान वाकवली की काहीतरी हलल्याचा भास होतो. मग तो उघडतो, चार महिने बरे जातात, पुढच्या सर्दीला पुन्हा तेच. साताऱ्यात आमचं औषधाचं दुकान आहे. जूनचा पाऊस धरला की ही तक्रार रोज काउंटरवर येते आणि मागणी जवळजवळ नेहमी एकच असते: "ताई, दडे बसलेत, कानात टाकायला एखादा ड्रॉप द्या."

तो ड्रॉप मी सहसा देत नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, पण पडदा शाबूत असेल तर कानात टाकलेलं काहीही त्याच्या पलीकडे जात नाही. पाणी आणि दाब दोन्ही पडद्याच्या आतल्या बाजूला असतात आणि तिथं पोचायची वाट नाकामागून जाते. उपाय करायचे ते नाकाकडून. मी डॉक्टर नाही. घरी काय करता येतं आणि कुठं थांबायचं, तेवढंच सांगते.

आधी ठरवा, दुखणं नक्की हेच आहे का

अंघोळीनंतर किंवा पोहून आल्यावर कान अचानक बंद झाला आणि सर्दीचा मागमूस नसेल, तर बहुधा मळ आहे. मळात पाणी मुरतं, तो फुगतो आणि कानाची बाहेरची नळी बुजते. त्यावर मळ मऊ करणारे थेंब आणि मग डॉक्टरांकडून सफाई. काडी, पिन, बड यांनी तो आणखी आत जातो.

कानाची पाळी ओढली किंवा कानाच्या तोंडाशी असलेली छोटी कूर्चा दाबली की कळ येते, आतून खाज सुटते, थोडं ओलसर लागतं? मग सूज बाहेरच्या नळीत आहे, पावसाळ्यात अनेकदा बुरशीची. खाली लिहिलेलं काहीच तिला लागू पडत नाही.

तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. तोंड मिटून 'म्ऽऽऽ' असा सूर धरा आणि तो कुठल्या कानात मोठा वाजतो ते बघा. बंद कानात मोठा वाजला तर अडथळा पडद्याच्या अलीकडे किंवा लगेच पलीकडे आहे: मळ, पाणी, दाब. चांगल्या कानात मोठा वाजला आणि बंद कानाला अचानक, एक-दोन दिवसांत, ऐकू येईनासं झालं असेल, तर ही गोष्ट नसेची असू शकते. डॉक्टर ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजणारा धातूचा चिमटा, कपाळाला टेकवून हेच तपासतात. नसेचा बहिरेपणा असेल तर स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर तितका उपयोगाचा, आणि पहिले दोन आठवडे त्यात सगळ्यात मोलाचे. 'सर्दीमुळं असेल' म्हणत पंधरा दिवस घालवले की हातात फारसं काही राहत नाही. म्हणून ही गुणगुणण्याची खूण घरात सगळ्यांना शिकवून ठेवा. फक्त घरच्या खुणेवर फार विसंबूही नका. ऐकू येणं अचानक कमी झालंय एवढं एक कारण त्याच दिवशी दाखवायला पुरेसं आहे.

काहींना उलटाच त्रास असतो. स्वतःचा श्वास कानात घुमतो आणि आडवं झालं की बरं वाटतं. त्यांची कानातून नाकामागं जाणारी नळी बंद नसते, नको तेवढी उघडी असते. अशांनी नाक मोकळं करणारे थेंब घेतले तर त्रास वाढतो. जबड्याच्या सांध्याचं दुखणंही कानात भरल्यासारखं वाटायला लावतं. चावताना दुखत असेल तर तिकडं बघा.

आत काय होतं

पडद्यामागं हवेची एक लहान पोकळी आहे, तिलाच मधला कान म्हणतात. तिथून नाकाच्या मागं, घशाच्या वरच्या भागात एक नळी उघडते. मोठ्या माणसात ती सुमारे ३५ मिलिमीटर लांब असते आणि घशाकडे उतरती असते. एरवी ती मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा स्नायू तिला क्षणभर उघडतो आणि बाहेरची हवा आत जाते. दिवसभरात हे शेकडो वेळा होतं, आपल्याला पत्ताही लागत नाही.

सर्दीत नळीचं तोंड सुजतं आणि ती उघडेनाशी होते. पोकळीचं अस्तर आतली हवा मात्र शोषतच राहतं. आतला दाब कमी होतो आणि पडदा आत ओढला जातो. गरम भाजी भरून स्टीलचा डबा घट्ट लावला आणि तो निवला की झाकण निघता निघत नाही, तसलाच प्रकार. ही ओढ टिकली की अस्तरातून पाणी झिरपून पोकळीत साठतं. सुरुवातीला ते पातळ असतं, महिने गेले की चिकट होतं. त्यात जंतू वाढले तर कान ठणकतो, ताप येतो, ते वेगळं प्रकरण. नुसतं पाणी असेल तर दुखत नाही, फक्त ऐकू कमी येतं.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्या. पाणी ओढून काढायचं नसतं. नळी उघडली, हवा आत गेली की ते आपोआप शोषलं जातं आणि घशाकडे निघून जातं. आणि सूज उतरायला वेळ लागतो. नाक दोन दिवसांत मोकळं वाटलं तरी नळीच्या तोंडाची सूज मागं रेंगाळते. सर्दीनंतर मोठ्या माणसाचा कान अनेकदा दोन-तीन आठवडे घेतो. रोज थोडा थोडा सुधारत असेल तर घाबरायचं कारण नाही.

घाट उतरताना

आपल्याकडे हा त्रास लोकांना पहिल्यांदा जाणवतो तो घाटात. आणि चढताना नव्हे, उतरताना. चढताना बाहेरचा दाब घटतो, कानातली हवा फुगते आणि नळीला आतून ढकलून आपली आपण निसटते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो आणि हवा आत घ्यावी लागते. त्यासाठी नळी स्नायूनं उघडावी लागते. ती सुजलेली असेल तर उघडत नाही, आणि वरचा दाब जितका वाढेल तितकी ती आणखी घट्ट मिटते.

पाचगणीहून पसरणी घाटानं वाईला उतरलात तर साडेपाचशे-सहाशे मीटर खाली येता. सर्दी असेल तर एवढंही पुरतं. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूर-महाडकडं गेलात तर तेराशे मीटरच्या आसपास उतार, तोही सलग. पाण्याच्या हिशेबात सांगायचं तर ही जवळजवळ दीड मीटर खोल बुडी झाली. विहिरीत तळाचा दगड आणायला बुडी मारणारी पोरं यापेक्षा जास्त दाब एका दमात कानावर घेतात. म्हणून सर्दी असताना विहीर बंद. ओरडा होईल, होऊ दे.

घाटासाठी नियम साधे आहेत. उतार लागायच्या आधीच गिळायला सुरुवात करा, दुखायला लागल्यावर नव्हे. पाण्याचे छोटे घोट घ्या, गोळी चघळा, महाबळेश्वरचे चणे खा. चण्यांचा कानाला झालेला उपयोग मी पाहिला आहे, पण पाच वर्षांखालच्या मुलाला गाडीत चणे-शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. उतारावर झोपायचं नाही. झोपेत माणूस फार कमी गिळतो, आणि एसटीत डुलकी लागलेला प्रवासी वाईच्या स्टँडवर कान धरून उठतो तो म्हणूनच. बाळ असेल तर उतारावर अंगावर पाजा किंवा बाटली द्या. स्वतःची गाडी असेल आणि कान फारच धरला, तर उतरत राहू नका. सुरक्षित जागा बघून थांबा, कान मोकळा करा. होत नसेल तर थोडं परत वर जाऊन पुन्हा प्रयत्न करा. पाणबुडे हेच करतात. विमानाचंही तेच, त्रास विमान खाली येताना.

आज रात्रीपासून काय करायचं

क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण थेट नाक दाबून फुंकायला लागतात.

प्रथम नाक धुवा. दुकानात ०.६५ टक्के मिठाच्या पाण्याचे थेंब किंवा स्प्रे मिळतात, ते चालतील. घरी करायचं तर पाव लिटर पाणी खळखळून उकळा, कोमट होऊ द्या आणि त्यात अर्ध्या सपाट चहाच्या चमच्याहून थोडं कमी मीठ घाला. जलनेतीची सवय असेल तर लोट्यानं करा, पण नळाचं किंवा टाकीचं पाणी तसंच नाकात घालू नका. दूषित पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो, आणि ते दुखणं क्वचित झालं तरी जीवघेणं असतं. पाणी जोरानंही मारू नका. नाकात दाबानं गेलेलं पाणी नळीतून कानात शिरू शकतं.

मग नाक शिंकरा, एका वेळी एकच नाकपुडी, हलक्या हातानं. दोन्ही दाबून जोरात शिंकरणं हे कान बिघडवायचं खात्रीचं साधन आहे.

त्यानंतर वाफ. वाफ कानापर्यंत जात नाही, तिचं काम नाकातला चिकटा सैल करणं. पाच-सात मिनिटं पुरे. निलगिरी, बाम घातलं नाही तरी चालतं. मुलांना मात्र पातेलं मांडीवर घेऊन कांबळ्याखाली बसवू नका. उकळतं पाणी सांडून भाजलेली मुलं दरवर्षी दवाखान्यात येतात. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून पाच मिनिटं बसवलं तरी काम होतं.

आता कान. पहिली युक्ती सोपी आणि निर्धोक: तोंडात घोटभर पाणी धरा, नाक चिमटीत पकडा आणि गिळा. आत काही सरकल्यासारखं वाटलं तर नळी उघडली. एकोणिसाव्या शतकातला लंडनचा कानाचा शल्यचिकित्सक जोसेफ टॉयन्बी याच्या नावानं ही ओळखली जाते. हा माणूस १८६६ मध्ये कानात वाजणाऱ्या आवाजावर औषध शोधताना स्वतःवरच क्लोरोफॉर्म वगैरेचा प्रयोग करून वारला. त्याची गिळायची युक्ती तेवढी घ्या.

दुसरी सगळ्यांना माहीत आहे, पण बरोबर फार थोडे करतात. ताठ बसा. अर्धाच श्वास घ्या. तोंड मिटून नाक पकडा आणि गाल किंचित फुगतील इतपतच हवा नाकाकडं लोटा, दोन सेकंद. टक् झालं की थांबा. नाही झालं तर जोर वाढवायचा नाही, अर्ध्या तासानं पुन्हा करायचं. चेहरा लाल होईपर्यंत फुंकलं तर आतल्या कानाचा नाजूक पडदा फाटू शकतो आणि मग चक्कर नि कायमचा बहिरेपणा पदरी येतो. ही युक्ती इटलीच्या अंतोनियो वाल्साल्वानं १७०४ साली लिहून ठेवली, तीही मधल्या कानातला पू बाहेर काढायला. आज नेमकं तेच करू नका असं सांगतात. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येत असेल, कान ठणकत असेल किंवा ताप असेल, तर फुंकायचं नाही. नाकातली घाण कानात ढकलली जाते. हृदयविकार असलेल्यांनी आणि नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांनीही टाळावं.

दोन्हीतून कान उघडत नसेल तर नाक धरून हलकं फुगवता फुगवता गिळून बघा. जरा सराव लागतो, पण हट्टी कान यानं उघडतो. खालचा जबडा पुढं काढून खोटी जांभई देणंही मधूनमधून करत राहा. दिवसातून पाच-सहा वेळा, जेवणाआधी-नंतर, एवढं पुरतं. सारखं फुंकत बसू नका.

झोपताना उशी उंच, बंद कान वर. दुखत असेल तर शेक द्या. खडेमीठ तव्यावर तापवून फडक्यात पुरचुंडी बांधायची आपल्याकडची पद्धत चांगली आहे. आधी मनगटावर लावून बघा आणि कानामागं, जबड्याशी धरा. यानं दुखणं निवतं, पाणी हलत नाही. पॅरासिटामॉलचंही तसंच.

दुकानातून काय घ्यावं, काय घेऊ नये

झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीनचे नाकाचे थेंब सूज दहा मिनिटांत उतरवतात. प्रवासाआधी अर्धा तास टाकले तर घाट सुखाचा होतो. टाकताना आडवं व्हा आणि ज्या कानाचा त्रास त्या बाजूला मान वळवा, म्हणजे थेंब नळीच्या तोंडाकडं वाहतो. बसून टाकलेला थेंब बहुतेक घशात जातो आणि लोक म्हणतात कडू लागलं. मुदत तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढं नाक त्या थेंबांशिवाय उघडेनासं होतं आणि चोंदणं आधीपेक्षा वाढतं. वर्षानुवर्षं उशाशी ती बाटली ठेवून झोपणारी माणसं मी ओळखते. त्यांच्या कानाचं निम्मं दुखणं त्या बाटलीत आहे.

सर्दीच्या गोळ्यांत बहुधा फेनिलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. रक्तदाब असलेल्यांनी आणि प्रोस्टेटमुळं लघवीला त्रास होणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. या दोन औषधांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात स्पष्ट केलं आहे. तरी "मागच्या वेळी मोठ्याला दिलेलं तेच सिरप द्या" ही मागणी थांबलेली नाही.

सर्दी मुळात अ‍ॅलर्जीची असेल, म्हणजे सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, डोळ्यांना नि नाकाला खाज, तर डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे खरा उपयोगी. पण तो रोज आणि काही आठवडे मारावा लागतो. दोन दिवसांत फरक नाही म्हणून कपाटात टाकलेल्या बाटल्यांची गिनती नाही. मारताना उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या, तोटी त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडं. नाकाच्या मधल्या पडद्यावर मारला तर नाकातून रक्त येतं.

अँटिबायोटिक नुसत्या पाण्यावर चालत नाही. पाचशे मिलिग्रॅमची पट्टी मागू नका.

आणि तेल. लसूण कढवलेलं खोबरेल कानात घालणं हे इतकं रुजलंय की त्याविरुद्ध बोलले की म्हाताऱ्या बायका माझ्याकडं दयेनं बघतात. "आमच्या सासूबाईंनी घातलं, काय झालं गं?" पडदा धड असेल तर त्याचा पाण्यावर परिणाम शून्य. पडद्याला भोक असेल तर तेल सरळ मधल्या कानात. पावसाळ्यात तेलानं ओल धरली की बुरशी फोफावते. मधुमेही माणसानं तर कानात काहीच घालू नये. त्यांच्या बाहेरच्या नळीतला साधा संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. हायड्रोजन पेरॉक्साइड, कानातली मेणबत्ती, नळीनं तोंडानं ओढणं, हे सगळं याच पंक्तीत बसवा.

मुलांचं निराळं

लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून प्रत्येक सर्दी कानावर येते. साधारण सातव्या वर्षापर्यंत ती मोठ्यांसारखी होत जाते आणि बऱ्याच मुलांचा त्रास आपला आपण मिटतो. कान ठणकून बरा झाला तरी आत पाणी राहतं. महिन्यानंतरही सुमारे ४० टक्के मुलांत ते असतं, तीन महिन्यांनी १० टक्क्यांच्या आसपास. म्हणून दुखत नसेल, ताप नसेल आणि बोलणं-चालणं ठीक असेल तर डॉक्टरही तीन महिने वाट बघतात.

मूल कान दुखतो म्हणत नाही, ते टीव्ही मोठा करतं. हाक मारली की "काय?" म्हणतं. शाळेतून निरोप येतो की लक्ष देत नाही. आडदांड म्हणून दोन रट्टे देण्याआधी एकदा कान तपासून घ्या. पाणी भरलेल्या कानाला साधारण २० ते ३० डेसिबल कमी ऐकू येतं. म्हणजे बाई फळ्याकडं तोंड करून बोलल्या की मागच्या बाकावरच्या मुलाचे शब्द गळाले. असं मूल सापडलं तर आधी पहिल्या बाकावर बसवा. त्याला खर्च नाही.

चार वर्षांपुढच्या मुलासाठी नाकानं फुगा फुगवायचा उपाय आहे. ऑटोव्हेंट नावाचं साधन मिळतं: नाकपुडीत बसणारी छोटी नळी आणि तिला खास फुगा. एक नाकपुडी बंद करून दुसरीनं फुगवायचं, दिवसातून तीनदा. ब्रिटनमध्ये ४ ते ११ वर्षांच्या ३२० मुलांवर याचा अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये छापून आला. महिन्याभरात फुगेवाल्यांपैकी सुमारे ४७ टक्के मुलांच्या कानाची दाबतपासणी नीट आली, नुसत्या नेहमीच्या देखरेखीतल्यांपैकी सुमारे ३६ टक्के. फायदा आहे, पण चमत्कार नाही, आणि काही न करताही तिसरा हिस्सा सुधारतोच. माझ्या मते करून बघण्यासारखं आहे, कारण मुलांना मजा वाटते. जत्रेतला साधा फुगा वापरू नका, त्याचा दाब बेतलेला नसतो, आणि फाटलेला तुकडा लहान भावंडाच्या घशात जायचा.

तान्ह्या बाळाला आडवं झोपवून बाटली देऊ नका, डोकं उंच ठेवा. बाळंतिणीच्या खोलीतली ओवा-शेपाची धुरी बंद करा. त्या धुरानं बाळाचं नाक चोंदतं आणि नाकामागून कान. न्युमोकोकलची लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा वयात. ती चुकवू नका.

मूल तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल, तर नाकामागच्या अ‍ॅडिनॉइडच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. त्या नळीच्या तोंडाशीच बसतात. हे घरच्या उपायांनी सुटत नाही.

पुन्हा पुन्हा का होतं

वर्षातून तीन-चारदा तोच कान बंद होत असेल तर प्रत्येक वेळी दडा उघडत बसण्यापेक्षा नाक कशानं सुजतं ते शोधा. घरातली बिडी-सिगारेट हे पहिलं कारण. मुलांच्या कानाला बापाची सिगारेट पुरते. आमच्याकडं वरच्या वयात तपकीर अजून आहे. ती दिवसातून दहादा नाकात ओढायची आणि कान बंद होतो म्हणून तक्रार करायची, याला औषध नाही. मिश्रीचंही थोडंफार तेच. चुलीचा धूर, ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवलं की आठ-आठ दिवस गावावर राहणारा धूर, पावसाळ्यात भिंतीला आलेली बुरशी, गादीतली धूळ, पावसाळा सरताना गवताचा तुरा: यातलं तुमचं कुठलं ते महिन्यांवरून ओळखता येतं. कॅलेंडरवर कान बंद झाल्याच्या दिवशी खूण करा. ऑक्टोबरात होतंय की फेब्रुवारीत, एवढं कळलं तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होणाऱ्यांच्या घशात आम्ल वर येतं, त्यानंही काहींची नळी सुजते.

कधी घरचे उपाय थांबवायचे

कानातून पू किंवा रक्त, कानामागं लाल दुखरी सूज, कान पुढं ढकलल्यासारखा दिसणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, गरगरणं, उलट्या, मान आखडणं, उतरत नसलेला ताप, सहा महिन्यांखालच्या बाळाचा कान: यातलं काहीही असेल तर वाट बघायची नाही. अचानक गेलेल्या ऐकण्याबद्दल वर सांगितलंच.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी भरलं, सर्दी नव्हती आणि महिना-दीड महिन्यात गेलं नाही, तर नाकामागची जागा दुर्बिणीनं बघून घेतलीच पाहिजे. क्वचित तिथं गाठ असते आणि पहिलं लक्षण हाच एक बंद कान असतो. तंबाखू असेल किंवा मानेत गाठ लागत असेल तर महिनाही थांबू नका.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडं गेलात की ते कानात बघतील आणि बहुधा टिम्पॅनोमेट्री नावाची तपासणी करतील. कानात रबरी बोंड धरून दाब कमी-जास्त करतात आणि पडदा किती हलतो ते कागदावर उमटतं. मिनिटभराचं काम, दुखत नाही. रेघेला मध्ये टोक असेल तर पडदा नीट हलतो. टोक डावीकडं सरकलेलं असेल तर आत ओढ आहे, पाणी बहुधा नाही, आणि वरच्या युक्त्यांना चांगला वाव आहे. रेघ सपाट असेल तर बहुतेक पाणी भरलंय. तीन महिन्यांनंतरही सपाट आणि ऐकणं कमी, तर पडद्यात ग्रोमेट बसवायचा विषय निघतो. ती बारीकशी नळी हवा आत सोडते आणि साधारण सहा महिने ते दीड वर्षात आपोआप गळून पडते. मुलाचं ते छोटं ऑपरेशन ऐकून घरचे हादरतात, पण महिनोन्‌महिने अर्धवट ऐकत वर्गात बसण्यापेक्षा ते बरं. तपासणीचा तो कागद फाइलला लावून ठेवा आणि पुढच्या वेळी सोबत न्या. मागची रेघ समोर असली की कान सुधारतोय की तिथंच आहे हे डॉक्टरांना लगेच कळतं.